युधिष्ठिराचे उत्तर : पक्षी, प्रतिमा आणि स्थळ

१

मोरगाव हे बारामती तालुक्यातील, कऱ्हा नदीच्या काठी वसलेले गाव. अष्टविनायकांच्या यात्रेचा प्रारंभ येथून होतो आणि रूढीप्रमाणे तिची सांगताही येथेच व्हावयाची असते. या गावाच्या नावाची उपपत्ती तीन प्रकारांनी सांगितली जाते. परिसरात एकेकाळी मोर विपुल होते म्हणून मोरगाव, ही पहिली. गावाची ठेवणच मोराच्या आकाराची आहे, ही दुसरी. आणि गणेशपुराणात ज्याची कथा येते तो मयूरेश्वर, मोरावर आरूढ होऊन सिंधू दैत्याचा वध करणारा गणेशाचा अवतार, येथे प्रतिष्ठित आहे, ही तिसरी. भाविक या तिन्ही उपपत्ती एका दमात सांगतो आणि त्यांत त्याला विसंगती जाणवत नाही. समीक्षकाला मात्र त्या वेगळ्या कराव्या लागतात. कारण एकाच पक्ष्याशी जडलेले तीन निरनिराळे संबंध त्यांत दडलेले आहेत. पहिलीत मोर ही वस्तू आहे, दुसरीत आकृती आहे आणि तिसरीत चिन्ह आहे.

लक्षणीय गोष्ट अशी की, काळाच्या ओघात या तिहींपैकी चिन्हच तेवढे बळकट राहिले. मोरगावला जाणाऱ्या यात्रेकरूला मोर दिसेलच असे नाही. किंबहुना तो दिसावा अशी त्याची अपेक्षाही नसते. गाभाऱ्यातील मूर्ती बैठी, डाव्या सोंडेची आहे. मोर आहे तो तिच्या नावात. चिंचवडच्या मोरया गोसावींची भक्ती याच दैवताशी निगडित होती आणि भाद्रपदात महाराष्ट्रभर जो 'मोरया'चा गजर होतो तो लोकपरंपरेने त्यांच्याच नावाशी जोडला आहे. लक्षावधी कंठांतून उमटणाऱ्या या गजरात मोर आहे, पण गजर करणाऱ्या कोणाच्याही डोळ्यांपुढे तो उभा राहत नाही. पक्षी भाषेत पुरता जिरून गेला आहे.

मोरगावच्या पूर्वेस, लगतच्या इंदापूर तालुक्यात, परिस्थिती नेमकी उलटी आहे. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि नदीकाठची अनेक गावे जलाशयाखाली गेली. भिगवण, कुंभारगाव या परिसरात धरणाच्या फुगवट्याने जी उथळ पाणथळ तयार झाली तिच्यावर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्ष्यांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, थवे उतरू लागले. पाठोपाठ छायाचित्रकार आले. आज भिगवणचे नाव दूरदूर पोचले आहे ते या छायाचित्रांमुळे. परंतु त्या छायाचित्रांत भिगवण कोठेही नसते. गुलाबी पंख असतात, वाकलेली मान असते, निळसर पाण्याचा एक अनिश्चित पडदा असतो. हे पाणी भीमेचे आहे की आणखी कोणत्या खाडीचे, याचा पत्ता चित्र लागू देत नाही.

मोरगावात नाव आहे आणि पक्षी दिसत नाही. भिगवणच्या छायाचित्रात पक्षी दिसतो आणि गाव दिसत नाही. या दोन अभावांचा परस्परसंबंध काय, आणि पक्ष्याच्या एखाद्या चित्राला आपण 'चांगले' म्हणतो तेव्हा नेमके कशाला चांगले म्हणतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. मराठी समीक्षेने पक्षी-छायाचित्र हा प्रकार छंदाच्या सदरात टाकून त्याच्याकडे बहुतांशी दुर्लक्ष केले आहे. पण आजचा मराठी वाचक पक्षी पाहतो तो प्रामुख्याने या चित्रांतून. आपल्या कवितेतील आणि गद्यातील पक्षीही तो याच डोळ्यांनी वाचणार. म्हणून हा प्रश्न साहित्यविचाराच्या कक्षेबाहेरचा मानता येणार नाही.

२

चिन्ह झालेल्या पक्ष्याविषयी प्रथम. पैठणीच्या पदरावरील बांगडी-मोर पाहून कोणी त्याच्या पिसांची संख्या मोजत नाही. विणकर ज्या मोराकडे पाहतो तो रानातला नसून आधीच्या पैठणीतला असतो. ताण्याबाण्याच्या हिशेबात बसावा म्हणून त्याची मान पायरीपायरीने वळते, पिसारा बांगडीच्या वर्तुळात सामावतो. मुनिया आणि असावली यांचेही तसेच. येथे पक्षी एका परंपरेत राहतो, स्थळात नव्हे. आणि म्हणूनच पैठणचा मोर येवल्याला गेला तरी परका होत नाही.

राजा रविवर्म्याच्या चित्रांनी या चिन्हाला मांसलता दिली. १८९४ साली सुरू झालेला त्यांचा शिळाछापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि तेथून निघालेल्या देवदेवतांच्या चित्रांनी मराठी घरांच्या भिंती व्यापल्या. सरस्वतीजवळचा मोर आता खऱ्या मोरासारखा दिसू लागला. त्याच्या निळाईवर प्रकाश पडला. तरीही तो चिन्हच राहिला. तो मोर तेथे का आहे, असे विचारले तर 'कारण ही सरस्वती आहे' हेच उत्तर मिळते. सादृश्य वाढले, पण पक्ष्याला स्वतःचे असे कारण मिळाले नाही.

या व्यवस्थेवर चिन्हवादी समीक्षक सहज टीका करील की, चिन्ह पक्ष्याला गिळून टाकते. ते खरे आहे. परंतु चिन्हाच्या बाजूने एक गोष्ट सांगावी लागते. ते आपण पक्षी असल्याचा दावा करीत नाही. पैठणीचा मोर पाहून 'मी मोर पाहिला' असे कोणी म्हणत नाही. मोरगाव हे नाव उच्चारणाराही तसे म्हणत नाही. चिन्ह आपल्या अपुरेपणाबाबत प्रामाणिक असते, आणि त्या अपुरेपणात खऱ्या मोरासाठी एक रिकामी जागा शिल्लक राहते. गावात मोर उरले नाहीत, ही खंत बोलून दाखविता येते ती नाव शिल्लक असल्यामुळेच.

३

पक्षी डोळ्यांनी पाहून तंतोतंत उतरविण्याची आकांक्षा ही वेगळी गोष्ट आहे आणि तिचा इतिहासही वेगळा आहे. १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी काही विलक्षण प्राणी आणले. त्यांत एक पक्षी होता ज्याचे नाव दरबारात कोणालाच ठाऊक नव्हते. आपण त्याला टर्की कोंबडा म्हणतो. जहांगिराने आपल्या आठवणींत त्याचे वर्णन केले आहे, आणि ते करताना त्याला मोराचाच आधार घ्यावा लागला: लांडोरीपेक्षा मोठा, मोरापेक्षा लहान, माजावर आला की मोरासारखी पिसे पसरणारा. पण एवढ्यावर तो थांबला नाही. पणजोबा बाबराने प्राण्यांची वर्णने लिहिली, चित्रे मात्र काढवून घेतली नाहीत, अशी नोंद करून त्याने चित्रकारांना आज्ञा दिली. ऐकून होणारे नवल पाहून वाढावे, हा हेतू. उस्ताद मन्सूरने काढलेले त्या पक्ष्याचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. गळ्याखालची लोंबती कातडी, पिसांचे पदर, पायांवरचे खवले यांत मन्सूरची नजर कोठेही चुकत नाही. पार्श्वभूमी मात्र जवळजवळ रिकामी आहे. या पक्ष्याला नाव मिळण्यापूर्वी चित्र मिळाले, आणि चित्रात त्याला भूमी मिळाली नाही. मोरगावच्या मोराची ही बरोबर उलटी बाजू होय.

मन्सूरपुढचा पक्षी निदान जिवंत असावा. पुढच्या पक्षिचित्रणाचा इतिहास बंदुकीच्या सावलीत घडला. अमेरिकेतील ऑडुबनने आपली प्रचंड चित्रे (१८२७–१८३८) काढली ती पक्षी मारून, तारांच्या आधाराने त्यांना हव्या त्या मुद्रेत उभे करून. भारतीय पक्षिशास्त्राची एक आरंभकथाही याच जातीची आहे. लहानग्या सलीम अलींनी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या चिमणीच्या कंठावर पिवळा ठिपका दिसला. ती ओळखून घेण्यासाठी ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि त्यांचे आयुष्य पालटले. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राच्या शीर्षकात त्यांनी त्या चिमणीचे पतनच ठेवले. ज्ञानासाठी पक्षी खाली पडावा लागे, ही त्या काळाची अटच होती.

कॅमेऱ्याने ही अट रद्द केली असे सामान्यतः मानले जाते, आणि नैतिकदृष्ट्या ते खरेच आहे. पण रूपाच्या दृष्टीने काय झाले? फ्रान्समधील शरीरशास्त्रज्ञ मारे याने १८८२ साली उडत्या पक्ष्यांची छायाचित्रे घेण्यासाठी जे यंत्र बनविले ते खांद्याला लावावयाच्या बंदुकीच्या आकाराचे होते आणि सेकंदाला बारा प्रतिमा टिपत होते. आजचा छायाचित्रकारही पक्षी 'शूट' करतो, 'टिपतो'. मराठीतील 'टिपणे' हे क्रियापद तर विलक्षण बोलके आहे. पक्षी दाणा टिपतो, शिकारी पक्ष्याला टिपतो आणि छायाचित्रकारही पक्ष्यालाच टिपतो. खाणारा, मारणारा आणि पाहणारा यांना आपली भाषा एकाच क्रियेत बांधते.

या ठिकाणी महाभारतातील द्रोणांच्या परीक्षेची आठवण अपरिहार्य आहे. झाडावरच्या पक्ष्याकडे नेम धरावयास सांगून द्रोण शिष्यांना विचारतात, काय दिसते? युधिष्ठिर म्हणतो, झाड दिसते, आपण दिसता, भाऊ दिसतात, पक्षीही दिसतो. तो नापास होतो. अर्जुनाला केवळ पक्षी दिसतो. आणि पुन्हा विचारल्यावर केवळ त्याचे मस्तक. लोकपरंपरेने ते आणखी आकुंचित करून डोळ्यावर आणून ठेवले. ही कथा आपण एकाग्रतेचा धडा म्हणून शाळेत शिकवितो. परंतु तिच्यातील एक तपशील सहसा सांगितला जात नाही. झाडावरचा तो पक्षी खरा नव्हताच. तो कारागिरांकडून बनवून घेतलेला कृत्रिम 'भास' पक्षी होता. भास हे एका पक्ष्याचे संस्कृत नाव आहे. मराठीत त्या शब्दाला जो अर्थ आहे तो येथे योगायोगाने का होईना, अचूक बसतो. ज्याला झाड दिसत नाही, माणसे दिसत नाहीत, त्याला दिसणारा पक्षी हा भासच असावयाचा.

४

आजच्या पक्षी-छायाचित्राचे रूढ रूप अर्जुनाच्या उत्तरावर उभे आहे. लांब पल्ल्याच्या टेलिफोटो लेन्सने दूरचा पक्षी जवळ येतो आणि त्याच्या मागचे सारे एका मऊ रंगात विरघळते. आता तर कॅमेरे पक्ष्याचा डोळा आपण होऊन शोधतात आणि त्याच्यावरच दृष्टी स्थिर करतात. प्रदर्शनांतून व स्पर्धांतून जे निकष दृढ झाले आहेत तेही हेच सांगतात. डोळा स्वच्छ असावा, त्यात प्रकाशाचा बिंदू असावा, पार्श्वभूमी 'निर्मळ' असावी. तारेचा खांब, प्लास्टिकची पिशवी, उसाने भरलेला ट्रॅक्टर, जाळे ओढणारा माणूस हे सारे या निकषांनुसार मळ ठरतात. हा निर्मळपणा आणि शिळाछापाच्या चित्रातील देवतेमागची प्रभावळ या रूपदृष्ट्या एकाच जातीच्या गोष्टी आहेत. वास्तवाची परिसीमा गाठल्याचा दावा करणारे हे चित्र प्रत्यक्षात पुन्हा चिन्हच होऊन बसते. फरक एवढाच की, आपण चिन्ह आहोत हे ते कबूल करीत नाही.

रा. भा. पाटणकर यांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) सौंदर्यविषयक संकल्पनांचे द्विध्रुवात्मक स्वरूप मांडले. एका ध्रुवावर कलाकृतीची स्वायत्तता, दुसऱ्यावर तिचे लौकिक जीवनाशी असलेले नाते. कलाव्यवहार या दोहोंच्या ताणात चालतो. पक्षी-छायाचित्र या दृष्टीने कुतूहलाचा विषय आहे, कारण ते दोन्ही ध्रुवांचे फायदे एकाच वेळी मागते. रंग, रेषा, समतोल यांसाठी दाद मागताना ते स्वायत्ततेच्या ध्रुवावर उभे असते. 'पण हा खरा पक्षी आहे' असे म्हणताना ते लौकिकाच्या ध्रुवावर जाते. मात्र लौकिकातील जो अंश रचनेला गैरसोयीचा, तो वगळण्याची मुभाही त्याला हवी असते. केवळ मर्ढेकरी लयतत्त्वांनी अशा चित्राचे मूल्यमापन केले तर ते उत्तम उतरेल. आणि नेमके तेथेच त्या मूल्यमापनाचे अपुरेपण उघडे पडेल. रोहित पक्ष्यांच्या रांगेतील संवादलय मोजता येते. ते ज्या उथळ पाण्यात उभे आहेत त्याखाली कोणाचे शेत होते, हे लयीच्या परिभाषेत विचारताच येत नाही.

रोलाँ बार्थने 'कॅमेरा ल्युसिडा'त (१९८०) छायाचित्रातील दोन गोष्टी वेगळ्या केल्या. एक, संस्कारांनी समजणारा सर्वसाधारण आशय. दुसरी, छायाचित्रकाराच्या योजनेत नसलेला आणि तरीही पाहणाऱ्याला येऊन टोचणारा एखादा तपशील. हा टोचणारा तपशील बहुधा कडेला असतो, मागे असतो, नको असलेल्या जागी असतो. पार्श्वभूमी विरघळविणारी लेन्स ही शक्यताच आधी नाहीशी करते. म्हणून भिगवणची शंभर छायाचित्रे पाहिली तरी डोळा सुखावतो आणि मन कोठे अडत नाही.

प्रस्तुत लेखक काही वर्षांपूर्वी कुंभारगावच्या बाजूने होडीतून गेला होता. होडी चालविणाऱ्या प्रौढ गृहस्थाने वाटेत पाण्याकडे हात करून, 'आमचं जुनं रान हितं व्हतं,' असे सहज सांगितले. त्या क्षणी होडीतील तिघांचे कॅमेरे उजव्या हाताला थव्याकडे रोखलेले होते. हे त्या तिघांवर दोषारोप करण्यासाठी लिहीत नाही. लेखकाचीही मान उजवीकडेच होती. डाव्या हाताला पाहण्यासारखे काहीच नव्हते, केवळ पाणी होते. पण जे दिसत नाही ते चित्राच्या अर्थात येऊ शकते की नाही, हाच तर प्रश्न आहे. उजनीचे पाणी उन्हाळ्यात फार ओसरले की पळसदेवचे बुडालेले प्राचीन मंदिर उघडे पडते. पाणी ओसरते तेव्हाच चिखलाची उथळ पट्टी विस्तारते, आणि डोके उलटे करून चोचीने पाणी गाळणाऱ्या रोहितांना हवी असते ती अशीच उथळ जागा. एकच घटना एकीकडे मंदिराचे शिखर वर आणते आणि दुसरीकडे पक्ष्यांना पाय टेकू देते. या दोहोंना एकत्र धरणारी चौकट अजून आपल्या पक्षी-छायाचित्रणात रूढ झालेली नाही.

येथे एक आक्षेप येईल आणि तो गंभीरपणे घ्यावयास हवा. छायाचित्रांमुळे पक्ष्यांचे रक्षण झाले, तारीख आणि ठिकाणासह नोंदी झाल्या, ओळख पटविण्यासाठी पक्षी मारण्याची गरज उरली नाही. शिवाय भिगवण परिसरात मासेमारी करणाऱ्या कुटुंबांना होडी आणि माहिती पुरविण्यातून उत्पन्नाचे दुसरे साधन मिळाले. हे सर्व मान्य आहे. अनेक स्पर्धांनी घरट्यावरील छायाचित्रे नाकारण्याचा नियम केला आहे, त्यातून या क्षेत्राची आत्मपरीक्षणाची क्षमताही दिसते. पण हा आक्षेप चित्राच्या परिणामांविषयी बोलतो. आपला प्रश्न चित्राच्या अर्थाविषयी आहे. ज्या चित्राने पक्षी वाचला त्याच चित्राने पक्ष्याला पाहण्याची सवय अरुंद केली, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. जॉन बर्जरने प्राण्यांकडे पाहण्याविषयीच्या आपल्या निबंधात दाखविले आहे की, आधुनिक समाजात प्राणी रोजच्या जीवनातून हटत गेले तशा त्यांच्या प्रतिमा वाढत गेल्या. प्रतिमांची विपुलता ही सान्निध्याची खूण नसून वियोगाची असू शकते.

५

मग वेगळे पाहणे शक्य आहे काय? मराठी गद्याने ते शक्य करून दाखविले आहे, आणि त्याचे श्रेय प्रामुख्याने व्यंकटेश माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांना द्यावे लागते. माडगूळकर स्वतः रेखाटने करीत. रेखाटन करणाऱ्याला काय सोडावयाचे हे दर रेषेला ठरवावे लागते. तो वगळतो, पण वगळल्याची खूण कोऱ्या कागदाच्या रूपाने ठेवतो. 'नागझिरा'सारख्या पुस्तकात पाहणारा माणूस स्वतःला दृश्यातून काढून टाकीत नाही. त्याचे बसणे, थकणे, वाट चुकणे हे पाहण्याचेच भाग असतात. युधिष्ठिराला दिसले तसे त्यांना झाडही दिसते, माणसेही दिसतात आणि पक्षीही दिसतो.

चितमपल्लींचे कार्य याहून वेगळ्या जातीचे आहे. वनाधिकारी म्हणून हिंडताना त्यांनी जंगलातील माणसांकडून शब्द गोळा केले, संस्कृत परंपरेतून काही उचलले, काही घडविले. कावळ्यांच्या वसतीला 'काकागार', बगळे-करकोच्यांच्या सामूहिक वसतीला 'सारंगागार' हे शब्द मराठी वाचकाला त्यांच्यामुळे परिचित झाले. यात नुसती शब्दांची भर नाही. 'सारंगागार' या शब्दात पक्षी एकटा नाही. त्यात झाड आहे, शेजार आहे, पिलांचा कलकलाट आहे आणि विष्ठेचा वासही आहे. तो शब्द उच्चारताच लांब लेन्सची चौकट मोडते. मोरगाव या नावात पक्षी भाषेत जिरून अदृश्य झाला, असे आरंभी म्हटले. चितमपल्लींच्या शब्दांत तो भाषेत जाऊन दृश्य होतो. म्हणजे दोष भाषेचा नाही; नाव आंधळे असते तसे डोळसही असू शकते.

इंदापूरचेच उदाहरण घेऊ. तेथील तहसील कचेरीच्या आवारातील चिंचांवर चित्रबलाक पक्षी घरटी करीत आले आहेत. भिगवणजवळच्या भादलवाडी तलावातील बाभळींवरही त्यांची वीण होते. चित्रबलाक या नावातच 'चित्र' आहे. संस्कृतात या शब्दाचे अर्थ तीन: रंगीबेरंगी, आश्चर्यकारक आणि आलेख्य. पक्षी स्वतःच चित्र आहे. त्याचे निर्मळ पार्श्वभूमीवरचे छायाचित्र काढणे म्हणजे चित्राचेच चित्र काढणे. पण सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी रांगेत उभा असलेला शेतकरी आणि त्याच्या डोक्यावरच्या चिंचेवर पिलांना भरवणारा चित्रबलाक, ही दोन्ही एका दृष्टिक्षेपात आली तर तेथे अर्थ निर्माण होतो. जमिनीची नोंद एकाच्या हातात आहे आणि दुसरा नोंदीवाचून तेथे राहतो आहे.

नवव्या शतकातील आनंदवर्धनाने काव्याची प्रतवारी लावताना 'चित्र' हा शब्द ज्या काव्यात ध्वनी नाही त्यासाठी वापरला. शब्दांची किंवा वाच्यार्थाची करामत आहे, आकार काव्याचा आहे, पण त्यापलीकडे काही सूचित होत नाही, ते चित्र. त्याच आनंदवर्धनाला काव्याचा आत्मा सांगताना आदिकवीच्या क्रौंचाची आठवण झाली, हे विसरता येणार नाही. वाल्मीकीच्या त्या प्रसंगात काय काय आहे ते पाहावे: तमसेचा काठ आहे, व्याध आहे, पडलेला नर आहे, आणि त्याच्यासाठी आक्रोश करणारी मादी आहे. वाल्मीकी नेम धरणाऱ्याच्या जागी नाही. तो बाजूला उभा आहे, म्हणून त्याला व्याधही दिसतो. अर्जुनाचा भास आणि वाल्मीकीचा क्रौंच ही आपल्या परंपरेतील पाहण्याची दोन टोके आहेत. पहिल्यातून अचूकता निघाली, दुसऱ्यातून कविता.

शेवटी पुन्हा मोरगावच्या परिसराकडे वळू. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली घोषित झाले. क्षेत्र जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर. नाव मोराच्या देवाचे. पण ओळख चिंकारा हरणाची, आणि भूमी माळरानाची. या माळावर धाविक, पखुर्डी, चंडोल असे पक्षी राहतात. त्यांचा रंग मातीचा आहे. गवत वाळले की ते गवतात मिसळतात, धोका जाणवला की जागच्या जागी थिजतात आणि नाहीसे होतात. रोहिताच्या गुलाबीपणाला पाणी निमित्तमात्र असते. धाविकाला मात्र मातीपासून वेगळे काढले की त्याच्या रंगाचा अर्थच संपतो. कुशल छायाचित्रकार जमिनीवर पालथा पडून, पुढची आणि मागची माती धूसर करून, त्यालाही सुटा करू शकतो. तसे चित्र स्वच्छ येते. पण ज्या मातीत दिसू नये म्हणून तो पक्षी तसा झाला, तीच त्यातून पुसली जाते. मग याच मातीची सरकारी दप्तरात 'पडीक' म्हणून नोंद होते तेव्हा ते चित्र तिच्या बाजूने साक्ष देऊ शकत नाही. चित्रात तिला जागाच दिलेली नव्हती.

पक्षिचित्राचा निकष म्हणून एवढेच सुचवावेसे वाटते. पक्षी किती स्पष्ट दिसतो, यासोबत तो कोठे दिसतो आणि त्याच्याबरोबर काय काय दिसू दिले आहे, हेही विचारले जावे. ज्या चित्रातून पक्षी उचलून दुसऱ्या कोणत्याही पाणथळीवर ठेवता येतो ते कुशल असेल, पण ते चित्रकाव्यच. ज्यातून तो हलविला तर चित्र कोसळते, त्यात ध्वनीची शक्यता आहे. द्रोणांनी युधिष्ठिराला बाजूला केले, कारण त्यांना धनुर्धर हवा होता. पण झाड, माणसे आणि पक्षी ही तिन्ही दिसतात, हे त्याचे उत्तर चूक नव्हते.